पायांनी वाजणारा ऑर्गन

बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. हळूहळू पाय चालायला लागला, हात मात्र नाही. डोंबिवलीच्या घरातल्या ऑर्गनवर आईने चादर घातली. रेडिओवर नाट्यपद लागलं तरी बाबा म्हणायचे, "बंद कर गं ते."

ठाण्यात, नौपाड्याला माझ्या ऑफिसजवळ जुन्या रेकॉर्ड विकणारं दुकान आहे. तिथे एका अमेरिकन ऑर्गनवादकाची जॅझची रेकॉर्ड दिसली. "ब्लूज आहे सगळं," दुकानदार म्हणाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कव्हरवर ऑर्गन होता, म्हणून घेतली.

रविवारी बाबांच्याच प्लेअरवर लावली.

"हा कसला ऑर्गन? विजेवरचा दिसतोय," ते म्हणाले. पण बंद कर म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने पाहिलं तर उजवा हात खुर्चीवर ठेका धरत होता.

"एकच आवर्तन फिरतंय, ऐक. आणि गंधार दोन्ही! कोमलवरून शुद्धवर कसा घसरतो बघ, लबाड." मग ते थबकले. "पण खालचे स्वर कोण वाजवतंय?"

मी कव्हर वाचलं. सॅक्सोफोन, गिटार, ड्रम्स आणि ऑर्गन; ऑर्गनपुढे कंसात लिहिलं होतं, खालचे स्वर पायांच्या पट्ट्यांवर. "तोच वाजवतोय, बाबा. पायांनी."

"पायांनी?"

बाबांच्या पायांनी जन्मभर नुसता हवेचा भाता मारला होता. मी मोबाईलवर तसल्या ऑर्गनचा व्हिडिओ दाखवला. पायाखाली लाकडी पट्ट्यांची रांग, त्यावर वादकाचे बूट नाचत होते. बाबांनी तो तीनदा बघितला.

"चादर काढ," ते म्हणाले.

मी त्यांच्या डावीकडे बसले. भाता मी मारायचा, खालचे सा, म, प मी धरायचे. बाकी सगळं त्यांचा उजवा हात करणार.

"अगं, मध्यमावर गेलो आपण! कुठे राहिलीस?"

"थांबा ना जरा!"

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "हे कुठल्या नाटकातलं?"

"अजून बसवतोय," बाबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

आता दर रविवारी मी ठाण्याहून जाते. अजूनही चुकते, अजूनही बोलणी खाते. परवा त्यांचा फोन आला.

"खालच्या मजल्यावरचे तबलजी यायला तयार झालेत. फक्त तू आलीस की त्यांना सांग, दर समेला तीन-तीनदा वाजवून तिहाया नकोत, आवरा म्हणावं."