फवारणीवाल्याची बायको

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. नाव तिला आवडायचं नाही, पण चिकटलं ते चिकटलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा आणि मॅडम काही उंदरांना कीटकनाशकाचे थेंब पाजत, तेव्हा त्यांना घट्ट धरायचं, हे तिचं काम.

मग उंदरांची परीक्षा. गोल टाकीत गढूळ पाणी आणि पाण्याखाली, दिसणार नाही असा, एक छोटा ओटा. साधे उंदीर थोड्याच दिवसांत जागा शिकायचे, थेट ओट्यावर जाऊन बसायचे. औषध पाजलेले मात्र टाकीच्या कडेकडेनं गरगर फिरत राहायचे, पार दमेपर्यंत. मावशी त्यांना उचलून फडक्यानं पुसायची. "डोकं कुठं गहाण टाकलंस रे?" म्हणून चिडवायची.

तिचा नवरा गोदामांत, हॉटेलांत झुरळांसाठी फवारणी करायचा. मास्कनं जीव गुदमरतो म्हणून मास्क कायम खिशात. घरी आला की कपड्यांना मॅडम उंदरांना पाजायच्या त्या औषधाचाच वास. "आपलं दोघांचं अत्तर एकच," म्हणून हसायचा.

एके दिवशी नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा कधीचा खाली घुटमळतोय. म्हणतो, तुझं घर सापडत नाही."

मावशी धावत गेली. वर्षानुवर्षं बहिणीच्या ज्या घरी जेवला, त्याच इमारतीभोवती तो भिंतीला हात लावून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना म्हणाली, "माझा माणूस तसाच फिरतो हो. कडेकडेनं."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, उंदरांवरून माणसाचं असं एकदम सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टर म्हणाले, वय झालं. पुढं त्यानं एका हॉटेलात धुतलेल्या भांड्यांवरच फवारा मारला, तेव्हा मालकानं त्याला घरी बसवलं. वर मावशीलाच ऐकवलं, "पीत असणार तो." जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल!

घर आता तिच्या एकटीच्या पगारावर. ती उंदरांना धरते, पण चिडवत नाही. मॅडमच्या संशोधनाचं कौतुक झालं, केक कापला, तिच्याही हातात तुकडा आला. तिनं तो भुशाच्या डब्यात टाकला.

कामाला निघताना ती दाराला बाहेरून कुलूप लावते. सुरुवातीला तो आतून दार बडवायचा, शिव्या घालायचा.

हल्ली बडवत नाही.