जरबेराचं देठ

दुपारी दिवाणावर आडवी होते, तेव्हा झोपायचं नाही असं मी ठरवलेलं असतं. डोळे मिटले तरी स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येतंय. आई मेथी निवडतेय, तिच्या बांगड्याही ऐकू येतायत. मग ठिबकणं लांबत जातं, दोन थेंबांमध्ये मोकळी जागा होते आणि त्या जागेत बाबा खोकतात.

बाबांना जाऊन आठवडा झालाय. हे मला झोपेतही माहीत आहे.

ते ओट्यापाशी उभे आहेत, एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खाकी गणवेशात, तांब्यातल्या फुलाकडे बघत. माझा एमएस्सीचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी जरबेराचा गुच्छ आणला होता. देवपूजा आणि आईचा गजरा सोडून त्यांनी फुलं विकत घेतली, ती आयुष्यात पहिल्यांदाच. घरात फुलदाणी नव्हती, म्हणून तांब्या. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. निनाददादा मालवाहू बोटीवर आहे, बंदर लागल्याशिवाय त्याला उतरता येत नाही. “तो येईपर्यंत एक तरी फूल टिकव,” आई मला म्हणाली. “बाबांनी आणलेलं त्याला बघू दे. झाडांचंच शिकलीस ना एवढं?”

आता एकच उरलंय, केशरी. मान पडू नये म्हणून फुलवाल्याने देठावर चढवलेली पारदर्शक नळी अजून तशीच आहे.

“काय शास्त्रज्ञ बाई,” बाबा विचारतात, “आज काय घातलंत पाण्यात?”

“साखर, लिंबू. आणि ब्लीचचा थेंब.”

“सरबतात ब्लीच?”

“साखर फुलाला लागते हो. पण पाण्यातले जंतूही ती खातात, वाढतात, देठाचं तोंड बुजवतात. ब्लीच त्यांच्यासाठी.”

“मग टिकेल म्हण.”

“तोंड बुजलंय आधीच. परत कापायला हवं, पाण्याखाली. बाहेर कापलं तर आत हवा शिरते.”

मी बेसिनमध्ये पाणी भरून देठ तिरकं कापते. तुकडा तरंगतो. टोक वर काढून बघते, तर तपकिरीच. पुन्हा कापते. बेसिन लांब होत होत आमच्या प्रयोगशाळेतलं काळं टेबल झालंय, आणि त्याच्यावर मी सोडलेले तुकडे दूरपर्यंत पसरलेत. कापलं की पाणी चढतं, पण कापलं की देठही कमी होतं. असा उपाय किती वेळा करता येतो, हे देठाच्या लांबीवरच ठरतं.

टेबलाचं पलीकडचं टोक फलाटाला लागलंय. तिथे काचेच्या केबिनमध्ये बाबा माइकसमोर बसलेत. “प्रवाशांनी लक्ष द्यावं,” ते म्हणतात, आणि पुढचं गावाचं नाव खरखरीत बुडून जातं.

“कुठली गाडी, बाबा?”

“तुझी नाही.”

“मग थांबवा ती. दादा येईपर्यंत तरी.”

“अगं, कंट्रोलर कुठे गाडी थांबवतो? लागली की सांगतो, सुटली की सांगतो. लोकांना वाटतं सगळं माझ्याच हातात आहे. शिव्या बरोबर मलाच.”

“आईलाही तसंच वाटतं,” मी म्हणते. “माझ्याबद्दल.”

ते हसतात. “मग बाप तशी लेक.”

मला रडू येत नाही, म्हणून मी सांगत सुटते. तोडलं तरी फूल श्वास घेतच असतं, साठवलेलं वापरत राहतं, पेशींची पटलं सैल होतात, मग पाणी धरवत नाही. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी सगळं क्रमाने सांगते. बाबा मान हलवत ऐकतात. मागे इंजिन सुरू झालंय.

“छान सांगतेस गं,” ते म्हणतात. माझ्या हातातलं फूल घेतात आणि देठावरची नळी हलकेच खाली ओढतात.

“नळी नको! मान पडेल त्याची.”

“पडू दे. किती वेळ ताठ उभं राहायचं त्याने?”

मी लहान असताना खिशातला आवळा हातात ठेवून ते माझी मूठ मिटायचे, तशीच आता नळी ठेवून मिटतात. मी त्यांचं बोट धरायला जाते, पण मुठीत नळी असल्यामुळे मला बोट धरता येत नाही. घंटी दोनदा वाजते.

“शलाका, ऊठ गं.” आई दिवाणापाशी उभी आहे, एका हातात फोन, दुसऱ्या हातात तांब्या. “निन्याचा फोन येऊन गेला. बोट बाहेरच उभी केलीय म्हणे, बंदरात कधी घेतील कोणी सांगेना.” मग ती तांब्या माझ्यासमोर धरते. “आणि हे बघ ना. मी भाजी निवडायला बसले तेव्हा सरळ होतं.”

केशरी फूल तांब्याच्या काठावरून खाली वाकलंय.

“याची नळी कुठे गेली?” आई विचारते. “अजून थोडं कापून बघूया का गं?”

देठ बोटभर उरलंय. मी मूठ उघडते. नळी ओली आहे, आणि तिच्यात जरासं पाणी अडकलंय. दोन्ही टोकं उघडी आहेत. मी ती उभी धरते, तरी पाणी खाली पडत नाही.

का पडत नाही, ते मला सांगता येईल. आई विचारत नाही.