काकांचा खडू आणि दोन दुनळ्या

आज मी दुर्गच्या बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे ताठ उभा आहे तो जुनवानीच्या आमच्या घरमालक काकांमुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून. काकांनी पास केल्याशिवाय या जगातली एकही वस्तू पुरी होत नाही. जन्मभर ते पोलादाच्या प्लांटमध्ये माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. चांगल्या मालावर खडूची टिक, वाईटावर फुली, शंका आली की 'होल्ड'. रिटायर झाले, पण खडू खिशातच राहिला. बाजारात भोपळ्यावर टिक मारतात, शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या स्कूटरवर फुली. पुतण्यासाठी मुलगी पाहायला निघाले तेव्हा काकूंनी फाटकातच त्यांचा खिसा रिकामा करून घेतला. मी भाड्याने राहायला आलो तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "नववीतच शाळा सोडली कावून? बरं, राहा. पण होल्डवर."

दुकानातही मी होल्डवरच होतो. मालकांनी बजावलं होतं, दाऊजींना दुनळी बंदूक पसंत पडली तर तू कायम, नाही तर गावची गाडी धर. दाऊजी बेमेतऱ्याकडचे मोठे शेतकरी; लायसन हातात आणि हट्ट इंग्लिश बंदुकीचा. आमच्याकडे जुन्या बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत झाकलेल्या दुनळ्या, दोनच होत्या. एक इंग्लिश, एक स्पॅनिश. त्या धास्तीने मला जेवण जाईना. काकूंनी ते काकांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी काका प्लांटचे बूट घालून दुकानात हजर.

त्यांनी इंग्लिश उचलली, नळ्यांखालचं लाकूड काढलं आणि दाऊजींच्या कानापाशी हलवली. आत नळ्यांची बिजागरी खुळखुळली. "सुन रहे हो, दाऊजी? कब्जा थक गया इसका. और इसमें कारतूस का घर छोटा है, आज का कारतूस लंबा."

"पर नाम तो इंग्लैंड का है, भैया."

"नाम को कंधे पे रखोगे क्या?"

मग दाऊजींना डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितलं. डोळे उघडले तेव्हा इंग्लिश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. कुण्या बुटक्या साहेबासाठी तिचा दस्ता आखूड कापला होता. स्पॅनिशची नक्षी उथळ, लाकूड ओबडधोबड, पण जोड घट्ट, आणि नळीच्या टोकाची माशी दाऊजींच्या नजरेसमोर नीट येऊन बसली. दाऊजी हसले. "ये तो अपने आप लग गई. बांध दो."

स्पॅनिशच्या दस्त्यावर ठसठशीत टिक पडली. मालकांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. इंग्लिशवर फुली मारायला मात्र काकांचा हात उठेना. त्यांच्या वडिलांची अशीच होती. स्वतःची नजर अधू झाल्यावर काकांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली. तिची रिकामी चामडी पेटी अजून कपाटावर आहे. "हिले होल्डवरच राहू दे," ते हळूच म्हणाले.

मग मला वळायला लावून पाठीवर खडू ओढला. "आन तू पास झाला बे."

माझ्या नावाचं बंदुकीचं लायसन निघेल तेव्हा निघेल. पण त्या पेटीत मावेल अशी घट्ट जोडाची इंग्लिश शोधून मी काकांच्या हातात देईन. टिक त्यांनीच मारायची.