शेगडीचं नाक

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एखाद्या घरात गेले आणि तिथली खिडकी न उघडता त्यांनी चहा घेतला, असं रोह्यापासून पेणपर्यंत कोणीही सांगितलं तरी तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. उभं आयुष्य त्यांनी रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर काढलं, तेही बहुतेक रात्रपाळीत. आता निवृत्त होऊन रोह्याजवळच वरसेला घर बांधलं तरी बॉयलर डोक्यातून उतरलेला नाही. त्यांना बसवतच नाही. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात आणि छताकडे बघतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी उदबत्त्या असतात. कुठेही गेले की एक पेटवायची, दाराच्या फटीशी, पंख्याखाली, मोरीच्या झरोक्यापाशी धरायची आणि धूर कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघायचं. धरमतरकडून माझ्या कारखान्यात कामाला येणाऱ्या बायका सुरुवातीला त्यांना बघून हात जोडायच्या. "भाऊजी लय देवाधर्माचे हायत," असं त्यांचं मत होतं. देवाधर्माचं राहू द्या, एका लग्नात होम चालू असताना भाऊजी भटजींना म्हणाले, "जरा सरका, तुम्ही वारा अडवताय." भटजी बिचारे सरकले, आणि वधूपित्याच्या डोळ्यांत जाणारा धूर वराच्या मामाच्या डोळ्यांत जाऊ लागला. भाऊजींना तेवढ्यानेही समाधान वाटलं.

माझा पेणला गणपतीचा कारखाना आहे, शाडूच्या मूर्तींचा. पावसाळ्यात माती वाळता वाळत नाही, म्हणून मागच्या खोलीला चहूबाजूंनी प्लास्टिक लावून आम्ही आत शेगडी पेटवतो. गेल्या वर्षी मी कोळशाची काढून नव्या तऱ्हेची आणली. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या तिच्यात आपोआप पडतात, छोटा पंखा फिरतो, धूर नळीतून बाहेर जातो. मी खूश होतो. त्याच खोलीत ताई बसते. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिची. तिने आखलेले डोळे एकदा बघितले की गिऱ्हाईक दुसऱ्या मूर्तीकडे वळत नाही. लग्नाआधीपासून ती हे करते आणि सीझनमध्ये अजूनही रोज रोह्याहून येते. पण तिला दमा आहे. त्या बंद खोलीत ती खोकायला लागली की हातातली कुंचली थांबायची, आणि ढास ओसरेपर्यंत मूर्ती तशीच आंधळी बसून राहायची.

भाऊजी तिला सोडायला आले, दारातच थबकले आणि उदबत्ती पेटवली. धूर सरळ शेगडीकडे ओढला गेला. "बघा मेहुणे, ही शेगडी खोलीतला वारा खाते. दार लावलंत की ओढ कमी पडते नि धूर उलटा आत. तिला बाहेरून वारा द्या. शेगडीला नाक पाहिजे नाक! नाय तर उद्यापासून हिला मी आणणार नाय."

ताईचा चेहरा पडला. "मी घरी बसून काय करू? तुमच्या उदबत्त्या मोजू?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी पत्र्याचा पाइप खांद्यावर घेऊन हजर! पश्चिमेची भिंत फोडली, पाइप शेगडीच्या पाठीला जोडला, सांधे बुजवले. सकाळपासून पाणी प्यायलाही टेकले नाहीत. मी म्हटलं, "भाऊजी, ही खाडीकडची बाजू आहे." त्यावर, "वारा मला शिकवू नका. घरच्या ओट्यावर उभा राहून रोज बघतोय. पावसाचा वारा पूर्वेकडून वळून येतो." झालं! दुपारी खाडीवरून वारा सुटला, थेट पाइपात शिरला, शेगडीचं दार फटकन उघडलं आणि नुकताच रंगाचा पहिला पांढरा हात दिलेल्या सगळ्या मूर्तींवर राखच राख.

"भस्म फासून आज सगळे बापावर गेले," ताई म्हणाली. एवढं बोलून ती जी खोकायला लागली ती पदर नाकाला लावून पायरीवर जाऊन बसली. माझं डोकं फिरलं होतं. "भाऊजी, पुरे आता. मी पाइप उपटून टाकतो," मी ओरडलो. ते विझलेली उदबत्ती हातात घेऊन नुसते इकडून तिकडे फिरत राहिले.

ताईने मला जवळ बोलावलं. दम खात म्हणाली, "ओरडू नको रे त्यांना. जन्मभर रात्रपाळी केली माणसाने. माझं खोकणं रात्रीचं, त्यांना कधी ऐकूच आलं नाय. रिटायर झाले नि पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून त्यांना झोप नाय बघ."

 मी उठलो आणि त्यांच्या मदतीला घमेल्यात सिमेंट कालवायला घेतलं.

तेवढ्यात भाऊजींच्याच लक्षात आलं. वरसेच्या घरामागे डोंगर आहे, वारा त्याला आपटून उलटा फिरतो. घरचा वारा त्यांनी पेणला आणून बसवला होता! पश्चिमेचं भोक आम्ही दोघांनी मिळून बुजवलं. आडोशाच्या भिंतीतून नवा पाइप काढला, बाहेर त्याचं तोंड खाली वळवलं, उंदरांसाठी जाळी लावली. मूर्तींना पुन्हा पांढरा हात दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडी पेटवून, दार लावून भाऊजींनी ताईच्या पाटाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला आणि तिथेच विरला. शेगडीकडे वळलाच नाही.

ताईने कुंचली उचलली. भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं, एक स्टूल ओढलं आणि चक्क बसले. मी चहा आणला आणि सवयीने खिडकीकडे हात केला.

"राहू द्या. वाऱ्याचा आवाज येतो," ते हळूच म्हणाले. "ऐकू द्या जरा."

ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. ताई एका मूर्तीचा डावा डोळा आखत होती आणि खोकत नव्हती. तिचा दमा गेलेला नाही, जाणारही नाही. पावसाळी रात्री वरसेच्या त्या घरात भाऊजी अजूनही तिच्या उशाशी बसून असतात. पण ती दुपार त्यांना मिळाली. दोन्ही डोळे आखून होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत, आणि निवलेला चहा त्यांनी खिडकी न उघडता घेतला. मी हे कोणाला सांगत नाही. सांगितलं तरी खरं कोणाला वाटणार?