नानांची नऊ, आबांची अकरा

मला बघायला धुळ्याचे पाहुणे आले, त्या दिवशी पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आतच माझे वडील आणि माझे होऊ घातलेले सासरे यांच्यात वाजलं. वाद शेतीवरून नव्हता, मानपानावरून नव्हता. तो गिटारच्या तारांवरून होता.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. रावेरकडे आमची केळीची शेती, घर जळगावात. नानांना इलेक्ट्रिक गिटारचं वेड कॉलेजात लागलं आणि ते कधी उतरलंच नाही. जळगावातल्या एका ऑर्केस्ट्रात ते लीड गिटार वाजवायचे. बंदिस्त हॉल, समोर खुर्च्यांवर बसलेले लोक, पायाशी प्रोसेसर. त्या प्रोसेसरचं एक बटण दाबलं की गिटारची बासरी व्हायची, दुसरं दाबलं की विहिरीतून आल्यासारखा आवाज यायचा.

धुळ्याच्या पाहुण्यांना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, सगळा गाव आबा म्हणायचा. मूळचे शिंदखेड्याकडचे, घरी कापूस. तेही गिटार वाजवायचे, पण लग्नाच्या बँडमध्ये. भोंगे लावलेल्या गाडीवर उभं राहून, मे महिन्याच्या उन्हात, ढोलताशाच्या वर आवाज काढत. मध्यस्थाला वाटलं, दोन्ही घरं गिटारवाली, जमलंच म्हणून समजा. त्या बिचाऱ्यानं हार्मोनियमसुद्धा कधी वाजवलेली नव्हती.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आबा नानांना विचारत होते, "नाना, तुम्ही कितीची वापरता?"

माझ्या आईला वाटलं, तंबाखूचं विचारतायत. ती घाईघाईनं म्हणाली, "यांना कसलंच व्यसन नाही हो."

"नऊची," नाना म्हणाले.

गिटारच्या तारांचा सेट पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. नऊचा म्हणजे अगदी नाजूक. अकराचा म्हणजे दणकट. मधला दहाचा. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं आणि जो मुलगा मला बघायला आला होता, त्याला तर अजूनही माहीत नाही.

आबांनी बशी खाली ठेवली. "नऊ? नाना, हाई तार नही, दोरा शे."

नाना हसले. पण त्यांचं ते हसू मला ठाऊक होतं, ते पुढे चांगलं जात नाही. "आन तुम्ही?"

"अकरा."

"मंग बराबर आहे. तुमच्या तारेवर कपडे वाळू घालता येतीन."

मध्यस्थ मोठ्यानं हसला. त्याच्याशिवाय कोणी हसलं नाही. आबांनी सांगायला सुरुवात केली की बारीक तार उन्हात ढिली पडते, जोरात मारली की तुटते, आणि तिचा आवाज म्हणजे मच्छर. नाना म्हणाले की जाड तारेवर सूर ओढताच येत नाही, मग माणूस नुसता ठोकत बसतो. दोघांचे गिटारमधले परदेशी देवही वेगळे निघाले. आबांचा देव जाड तारा लावून बोटं सोलून घेणारा, नानांचा देव फुंकर घातल्यासारखं वाजवणारा. आबा म्हणाले, तुमचा देव माझ्या गाडीवर एक वरात टिकणार नाही. नाना म्हणाले, तुमचा देव माझ्या हॉलात आला तर पहिल्या रांगेतले लोक उठून जातील.

मी ट्रे घेऊन तशीच उभी. कोणी बस म्हणेना. शेवटी आबांचंच माझ्याकडे लक्ष गेलं.

"पोरी, तू बी वाजाडस का?"

"थोडं थोडं."

"कोनती तार?"

"दहाची," मी म्हणाले.

आबांनी नानांकडे पाहिलं, नानांनी आबांकडे. मग आबा त्यांच्या बायकोला म्हणाले, "पोर समजदार शे." लग्न तिथेच ठरलं. मुलाचं मला काय शिकलात वगैरे विचारायचं राहून गेलं. ते त्यानं नंतर फोनवर विचारलं.

लग्न जळगावला झालं. नानांनी आईला वचन दिलं होतं की मुलीच्या लग्नात गिटारला हात लावणार नाही, मुलीचा बाप म्हणून नीट फेटा बांधून दारात उभा राहीन. सासूबाईंनीही आबांकडून तसंच वचन घेतलं होतं, हे मला पुढे कळलं. पण वरातीला बँड आबांचाच होता, आणि हॉलात ऑर्केस्ट्रा नानांचा. गाडी हॉलच्या कोपऱ्यावर आली आणि आबांच्या जागी उभ्या केलेल्या गिटारवाल्यानं एक सूर चुकवला. एवढंच निमित्त. नवऱ्या मुलाचे वडील, अंगावर कोट, डोक्यावर फेटा, गाडीवर चढले.

मी आतल्या खोलीत होते. मैत्रीण माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. बाहेर आबांचं गिटार सुरू झालं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. खरं सांगते, मी तोवर इतकं भरदार गिटार कधी ऐकलं नव्हतं. एकेक सूर डांबरी रस्त्यावर उभा राहिल्यासारखा. मनात आलं, सासरे जोरदार आहेत.

मग हॉलच्या आतून दुसरं गिटार वाजलं. ते मला ओळखायची गरजच नव्हती. नाना दारातून आत पळाले होते. पायात जरीचे जोडे तसेच ठेवून त्यांनी स्टेजवर ऑर्केस्ट्राच्या पोराच्या गळ्यातून आपलं गिटार काढून घेतलं होतं. बाहेरून आबांनी एक ओळ टाकली की आतून नाना तीच ओळ वळवून, घोटून, वर नेऊन परत करायचे. वऱ्हाडी नाचायचं विसरले. नवरा मुलगा घोडीवर, ना पुढे ना मागे. भटजी माइकवर मुहूर्ताची आठवण देत होते, पण माइकचा आवाज कोणाला ऐकू येणार?

नानांनी एक सूर फार वर ओढला. टण्णकन आवाज आला. मी मैत्रिणीला म्हणाले, "पहिली तार गेली."

बाहेरचं गिटारही लगेच थांबलं. लोकांना वाटलं, संपलं. आबा गाडीवरून उतरले, घाम पुसत आत आले आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाला नाना, मुहूर्त व्हई जाई." तुटलेल्या तारेबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बोलले, आणि मग पुढची काही वर्षं बोलतच राहिले.

धुळ्याला आल्यावर मला दोघांतला फरक रोज दिसायला लागला. नाना प्रत्येक गाण्यानंतर मऊ फडक्यानं तारा पुसायचे, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवा सेट लावायचे. आबा तार तुटेपर्यंत बदलायचे नाहीत. "नवी तार कच्ची ऱ्हास," म्हणायचे, "लोणचासारखी मुरनी पाहिजे." नानांचं गिटार फडताळात, मखमली पेटीत. आबांचं बैठकीत खिळ्याला, पंचांगाशेजारी. प्रोसेसरला आबा 'मिक्सर' म्हणायचे. "तुना बापना मिक्सरमा चटणी बी होस का?" असं मला विचारायचे. आबांचं गिटार एका वायरनं सरळ अँप्लिफायरला जायचं, मध्ये काही नाही.

मी दुपारी, घरातली कामं उरकली की वाजवत बसायची. आबा आतून ऐकायचे आणि ओरडायचे, "दाब! भाकरी थापी राहिनी का?" मी जळगावला गेले की नाना म्हणायचे, "इतकी कामून दाबते? तार मरून जाईन." दोन शिकवणींच्या मध्ये माझा हात माझ्यापुरता बरा तयार झाला. नवरा मात्र या सगळ्यातून कोरडा राहिला. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तो म्हणतो, नळी बारीक असो की जाड, पाणी पोचलं म्हणजे झालं.

मग एका हिवाळ्यात आबांचं बोट अडकायला लागलं. डाव्या हाताची अनामिका. वाकवली की तिथेच राहायची, आणि दुसऱ्या हातानं सरळ करताना टक् वाजायची. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्यांच्या वाजवण्यातून. त्या बोटाचे सूर ते टाळायला लागले होते, वळसा घालून जायचे. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने या बोटावर जोर द्यायचा नाही, गरज पडली तर इंजेक्शन देऊ.

आबांनी गिटार खिळ्यावरून काढलं, कापडी पिशवीत घातलं आणि कपाटामागे उभं करून ठेवलं. बँडवाल्यांना सांगितलं, या सिझनला दुसरा माणूस बघा. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे. सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर त्या आवाजाला नावं ठेवली, त्या स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "घर कसं खायला उठतं गं."

मी माझं गिटार पुढे केलं. आबांनी दोन सूर वाजवले, ओठ आवळले आणि परत दिलं. दहाच्या तारेलाही बोट दुखत होतं. मग मी नानांना फोन केला. सगळं सांगितलं. नानांनी बोट कोणतं ते विचारलं. मग म्हणाले, "येतो."

ते सकाळच्या बसनं आले. एका हातात केळीचा फणा, पाठीवर मखमली पेटी. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, केळीच्या भावाचं झालं. मग नानांनी पेटी उघडली आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "आबा, याच्यातून कुठून तरी खरखर येऊन राह्यली. माह्या कानाले काही सापडेना. तुम्ही जरा वाजवून पाहता का?"

त्या गिटारमध्ये काहीही खरखर नव्हती. मला माहीत होतं. मला वाटतं, आबांनाही माहीत होतं. पण व्याही वाद्य घेऊन इतक्या लांबून आलेला, नाही कसं म्हणणार? त्यांनी गिटार मांडीवर घेतलं.

पहिलाच सूर चढला. आबांच्या हाताला सवय अकराची. नऊच्या तारेवर तेवढा जोर दिला तर ती ताणली जाते आणि सूर वर पळतो. दुसराही चढला. मी नानांकडे बघितलं. आयुष्यभराची संधी समोर होती. मच्छर, दोरा, मिक्सर, सगळ्याची फेड करता आली असती. नाना केळ सोलत बसले होते.

आबांनी जोर कमी केला. मग आणखी कमी. नुसतं बोट टेकवल्यासारखं. आता सूर जागेवर बसले. अनामिका सुद्धा एकदा टेकवून पाहिली, ती अडकली नाही. मग ते वाजवायला लागले. वरातीतली एक जुनी चाल होती, नेहमी भोंग्यातून ऐकलेली. इथे ती बैठकीत, सकाळच्या उन्हात, हळू आवाजात. पण आवाज तोच होता. तोच भरदार, एकेका सुराला उभं करणारा. नऊच्या तारेतून.

सासूबाई दारात आल्या. हात कणकेचे होते, तशाच उभ्या राहिल्या.

नानांचं केळ अर्ध्यावर राहिलं होतं. ते आनंदले होते, पण चक्रावलेही होते. त्यांनी कपाटामागून आबांचं गिटार स्वतः काढून आणलं आणि त्या दोरखंडासारख्या तारांवर बोटं ठेवली. सूर ओढताना मान वाकडी झाली, कपाळाला आठ्या पडल्या. पण वाजलं ते मऊ, घसरत जाणारं, थेट नानांचं. अकराच्या तारेवर, प्रोसेसरशिवाय.

"आवाज त तुमचा तुमचाच निघाला," नाना जरा खट्टू होऊन म्हणाले.

"मंग कोना निघी?" आबा म्हणाले, आणि दोघंही एकदम हसायला लागले. इतके की आबांना ठसका लागला आणि मला पाणी आणायला पळावं लागलं.

जेवायला सासूबाईंनी शेवभाजी केली. नानांनी बोटं फुंकत फुंकत घास घेतले. त्यांच्या बोटांवर लाल वळ उठले होते. निघताना त्यांनी गिटार तिथेच ठेवलं. म्हणाले, "खरखर पुरी जाईपर्यंत राहू द्या." आबांनी मान डोलावली.

बोट पुढे इंजेक्शननं सुटलं. आबा पुन्हा गाडीवर चढले, पण पूर्वीसारखे प्रत्येक वरातीला नाही, ओळखीच्या घरची असेल तरच. नानांचं गिटार अजून धुळ्यालाच आहे, आणि नानांनी जळगावात स्वतःसाठी दुसरं घेतलं. त्याला तारा कोणत्या, हे त्यांनी आबांना सांगितलेलं नाही. मला सांगितलंय, पण माहेरची गोष्ट मी सासरी बोलत नाही.

तारांवरून आता ते भांडत नाहीत. हल्ली पिकवरून चाललंय. तार छेडायची ती छोटी पट्टी जाड असावी की पातळ, टोकदार की गोल, यावर रोज दुपारी व्हिडिओ कॉल होतो. फोन धरायला मला बसवतात. काल आबांनी आपली निळी पिक कॅमेऱ्याच्या इतकी जवळ नेली की नानांना नुसता निळा पडदा दिसला.

"आबा, मागं घ्या जरा," नाना तिकडून ओरडत होते, "मले काहीच दिसत नाही!"

"दिसाले कसाले पाहिजे?" आबा म्हणाले. "कान शे ना?"