येथे किल्ला नाही

माझ्या न्हाणीत एक राखाडी दगड आहे. टाचा घासायला इतकी चांगली वज्री शनिवार पेठेत दुसऱ्या कुणाकडे नसेल. अंगभर भोकं, हाताला पोह्यांसारखा हलका, आणि घंगाळात टाकला तर तरंगतो. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की हा दगड पुरावा आहे आणि पुराव्याने टाचा घासू नयेत. माझं म्हणणं असं, की पुरावा कोनाड्यात नुसता बसून होता, त्याला कामाला मी लावलं. घरी कुणी पाहुणा आला की हे न्हाणीच्या दाराशी येतात आणि हळूच म्हणतात, "अगं, जरा तो डोंगर दे बाहेर."

हे दरबारच्या फडावर, म्हणजे दफ्तरात, नकाशे रंगवत असत. काढत नसत, रंगवत असत. दुसऱ्यांनी काढलेल्या नद्या निळ्या करायच्या आणि झाडं हिरवी करायची. ह्यात ह्यांचे केस पांढरे झाले, तरी नेमणूक कच्चीच. दर दसऱ्याला कारभारी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." हे कारभारी ह्यांचे लांबचे मामा लागत. जवळचे असते तर दर महिन्याला म्हणाले असते.

मग कुणीतरी संगमावरच्या इंग्रज वकिलाच्या बंगल्यात समुद्राचा भिंतभर नकाशा पाहिला. बातमी दरबारात पोचली. त्यांच्या भिंतीवर आहे तर आपल्या भिंतीवरही हवा, असं लगेच ठरलं. फडावर समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता, त्यामुळे काम कुणी घेईना. ह्यांनी घेतलं. मामांनी स्पष्ट सांगितलं, की नकाशा वर पसंत पडला तर नेमणूक कायम, नाही पडला तर रंगवायलाही दुसरा माणूस बघू.

"तुम्ही समुद्र पाहिलाय?" मी विचारलं.

"कात्रजचा तलाव पाहिलाय," हे म्हणाले.

सुदैवाने कसबा पेठेत एक म्हातारे तांडेल राहत होते. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. कोकणातले मुसलमान, लेक पुण्यात दिलेली. गुडघे गेल्यावर तिच्याकडे येऊन राहिले होते. उमेदीत ते पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत जाऊन आले होते. हे त्यांना रोज सकाळी ओसरीवर आणून बसवायचे. ते बोलायचे, हे कागदावर खुणा करायचे, आणि मी माजघरात तांदूळ निवडत ऐकायची. बंदरं झाली, बेटं झाली, मासे झाले. माशांना हे फार वेळ लावत.

एका सकाळी तांडेल म्हणाले, "आता इथं एक डोंगर घ्या, पंत. पाण्यातून सरळ वर आलेला. त्याला शिखर नाही."

"शिखर नाही म्हणजे? कोसळलं?"

"ते मी नाही पाहिलं. वर मोठा खड्डा आहे. त्यातून धूर येतो. अंधार पडला की खड्डा लाल दिसतो, आणि मधूनच आतून धोंडे उडतात."

"कोण उडवतं?"

"कोण उडवणार? तिथं कुणी राहत नाही."

हे विचारात पडले. "ज्वालामुखी देवीचं स्थान उत्तरेत आहे, असं ऐकलंय. हे तिचंच दुसरं ठाणं असेल का?"

"तिथं देऊळ नाही, पुजारी नाही," तांडेल म्हणाले.

"पुजारी नाही तर देवस्थान नव्हेच," मी आतून म्हटलं. "एवढा धूर दिसला असता तर पुण्यातले निम्मे तिकडे गेले असते."

तांडेल हसले. मग त्यांनी पाय पुढे करून तळवा दाखवला. पांढरट, ताणलेली कातडी होती. त्यांच्या गलबतावरचं पाणी संपत आलं होतं. धूर दिसला म्हणजे चूल असेल, चूल असेल तर विहीर असेल, अशा हिशेबाने ते किनाऱ्यावर उतरले. काठाचं पाणीच हात भाजेल इतकं कढत, आणि वरचा काळा दगड तव्यासारखा. पळत परत आले. त्याच समुद्रात हा राखाडी दगड तरंगत होता. तो त्यांनी उचलला, कारण गावी नुसतं सांगून कुणी विश्वास ठेवला नसता.

"बाकी बेटं इकडची तिकडं झाली तर होऊ द्या," ते ह्यांना म्हणाले. "हा डोंगर तेवढा चुकवू नका. धूर बघून माणूस चुलीच्या आशेनेच जातो." आणि दगड ह्यांच्या हातात ठेवून गेले.

आता बिनशिखराचा डोंगर काढायचा कसा? आमच्याकडे डोंगर काढायची रीत ठरलेली आहे. टोकदार उंचवटा, अंगावर दोन झाडं, झाला डोंगर. ह्यांनी टोक छाटून पाहिलं तर फुटकं मडकं दिसायला लागलं. दुसऱ्यांदा काढला तो कुणीतरी खाऊन ठेवलेला लाडू. तसं मी सांगितल्यावर हे उठले आणि डोंगर बघायला पर्वतीवर गेले.

परतले ते उपरण्यात दगड बांधून. चेहरा असा, की जणू देवाने ह्यांना एकट्यालाच बाजूला घेऊन काही सांगितलं.

"अगं, आपल्या डोंगरांना तरी शिखरं कुठे आहेत? सिंहगडाकडे बघ. सगळे वरून सपाट, आणि बाजूने पायऱ्या पायऱ्या. एकावर एक ओतल्यासारखे. आणि हा बघ खाणीतला दगड. ह्यालाही भोकं आहेत."

"म्हणजे पुणंसुद्धा कधीतरी उतू गेलं होतं?"

"गेलं असेल."

"बरं झालं, तेव्हा आपण इथे राहत नव्हतो. आणि ते दगड अंगणात ठेवा, मी आत्ताच सारवलंय."

त्या दिवशी मी पिठलं केलं होतं. घट्ट पिठलं शिजायला लागलं की त्यात बुडबुडा येतो, फुगतो, फदकन फुटतो, आणि क्षणभर तिथे गोल काठाची खळी राहते. हे जेवायला आले ते पाटावर न बसता चुलीशीच उकिडवे बसले. मला वाटलं, भूक लागली असेल. पण हे नुसते बघत होते. मग कागद आणायला पळाले. पिठलं तळाला लागेपर्यंत मला ते उतरवू दिलं नाही. करपलेलं पिठलं आम्ही जेवलो, पण डोंगर साधला. खाली रुंद, वर गोल काठ, काठाच्या आत काळोख. आणि त्या काळोखातून ह्यांनी ठेवणीतल्या हिंगुळाने लालभडक आग वर काढली. मी नावं ठेवायला जवळ गेले आणि काही सुचलं नाही.

नकाशा घेऊन हे फडावर गेले. आले ते तोंड पाडून.

"मामांनी विचारलं, हा किल्ला कुणाचा?"

माझ्या लगेच लक्षात आलं. फडावरच्या नकाशात डोंगराच्या माथ्यावर लाल रंग दिसला की तो किल्ल्यावरचा झेंडा. हे तिथल्या शिपायालाही ठाऊक. ह्यांनीच आजवर असे कितीतरी झेंडे रंगवले होते.

"तुम्ही सांगायचं, आग आहे म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, कुणी लावली?"

"मग?"

"मग किल्लेदाराचं नाव विचारलं. शिबंदी किती, गड ताब्यात कधीपासून. मी म्हटलं, किल्लाच नाही. तर म्हणाले, एक तर किल्ल्याचं नाव घाला, नाही तर डोंगर पुसा. दोन्ही जमत नसेल तर नकाशा वर जाणार नाही. आणि नकाशा गेला नाही तर पुढचं तुला ठाऊकच आहे."

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "पुसा. समुद्रात एक डोंगर कमी झाल्याने पुण्यात काही अडत नाही."

हे तो राखाडी दगड हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "तांडेलांचा तळवा तू पाहिलास ना?"

पाहिला होता. "मग एखादं नाव घाला किल्ल्याला. चार अक्षरांनी काम होईल."

"नाव घातलं की उद्या तिथे कुणाची तरी बदली करतील."

तेही खरं होतं. ह्यांचा डोंगर पुसला जाणार नाही आणि नेमणूकही जाणार नाही, अशी वाट काढायची तर मामांना आगीची खात्री पटवायला हवी होती. फडावर बसून माणसाला कसलीच खात्री पटत नाही. म्हणून मी मामांना जेवायला बोलावलं. त्यांना पिठलं जीव की प्राण. पण कारभारी झाल्यापासून मामी घरात पिठलं होऊ देत नव्हत्या. कारभाऱ्याच्या चुलीवर पिठलं शोभत नाही, असं त्यांचं मत. मामा ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले.

ह्यांना मी बजावून ठेवलं होतं, की तुम्ही बोलायचं नाही. मामांचा पाट चुलीसमोर मांडला. पिठलं मुद्दाम घट्ट केलं होतं, जाळ मोठा ठेवला होता आणि झाकण बाजूला.

"जरा थांबावं लागेल, मामा. शिजतंय अजून."

"थांबतो की," मामा म्हणाले आणि पातेल्याकडे प्रेमाने बघत बसले. बुडबुडा आला, फुगला, फुटला. एक चांगला शिंतोडा उडून त्यांच्या मनगटावर बसला.

"सूनबाई, घरात झाकण नाही का?"

"आहे ना. पण झाकण ठेवलं असतं तर आपल्याला किल्ला दिसला नसता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग पातेल्यात पाहिलं. तेवढ्यात दुसरा बुडबुडा फुटला आणि गोल काठाची खळी वर राहिली. आतून वाफ येत होती.

"ह्याचा किल्लेदार कोण, मामा?" मी विचारलं. "आणि शिंतोडा उडवला कुणी?"

मामांनी मनगटावरचं पिठलं चाटलं. "मीठ कमी आहे," म्हणाले.

जेवण होईपर्यंत मामांनी पिठलं तीनदा मागून घेतलं. हात धुताना ह्यांनी दगड आणून घंगाळात सोडला. मामांनी तो बोटाने बुडवला, तो वर आला. पुन्हा बुडवला, पुन्हा वर आला. मोठ्या माणसाला असा खेळ मिळाला की त्याला घाई करू नये, म्हणून आम्ही उभे राहिलो.

"आग आहे, मान्य," मामा शेवटी म्हणाले. "पण मला मान्य होऊन काय उपयोग? वर जे बघणार त्या सगळ्यांना तू पिठलं वाढणार आहेस का? त्यांना लाल दिसलं की ते किल्लाच म्हणणार."

"मग खाली लिहा की, किल्ला नाही म्हणून."

"सूनबाई, नकाशात असतं ते लिहितात. नसतं ते लिहायला लागलो तर कागद कुठवर पुरवू?"

"एवढं एकच लिहा. बाकीचं नसलेलं राहू द्या तसंच."

मामांनी उपरणं सावरलं. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "लिही. पण अक्षर नीट काढ." मग माझ्याकडे न बघता, "मामीने विचारलंच, तर मी वरण-भात जेवलो."

डोंगराखाली ह्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं: येथे किल्ला नाही. आग आहे. उतरू नये. तांडेलांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचायला लावले.

नकाशा वर गेला. दसरा जवळ आला तसे हे जेवता जेवता थांबायला लागले. मग एक दिवस मामा स्वतःच उत्तर घेऊन आले, तेही जेवणाच्या वेळेला. मी न विचारता पीठ कालवायला घेतलं.

नकाशा पसंत पडला होता. विशेषतः मासे. शेरा एकच होता, तो मामांनी ओसरीवर बसून वाचला. पूर्वेच्या समुद्रात अमुक डोंगरावर किल्ला नाही असे दिसते. का नाही? जागा मोक्याची आहे. बांधण्याजोगी आहे किंवा कसे, याची चौकशी नकाशा करणाराने करावी, आणि चौकशी पुरी होईतो त्याची नेमणूक चालू ठेवावी.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मला समुद्रावर जावं लागणार?"

"करावी म्हटलंय, जाऊन करावी म्हटलेलं नाही," मामा म्हणाले.

"चौकशी पुरी कधी होईल?" मी आतून विचारलं.

"आग विझल्यावर. पेटल्या डोंगरावर पाया कसा खणणार?" मामांनी कागदाची घडी घातली. "आज तरी मीठ बघून घाल."

तेव्हापासून हे नेमाने चौकशी करतात. पूर्वेकडून गलबतं परत आली की तांडेल कोकणातल्या आपल्या माणसांना विचारतात, धूर होता का, किती होता, काठ ढासळला का, लाल कुठवर दिसलं. ते सांगतील तसा हे दर वर्षी डोंगर नव्याने काढतात आणि खाली लिहितात, अद्याप पेटलेला आहे. ते सगळे डोंगर एकापुढे एक मांडले की खड्डा एका बाजूने कसा खचत गेला, ते माझ्यासारखीलाही कळतं. हे काम ह्यांना नद्या निळ्या करण्यापेक्षा पुष्कळ आवडतं, असं माझ्या लक्षात आलंय. मी तसं बोलून दाखवत नाही.

मध्ये एक वर्ष निरोप आला, की धूर दिसला नाही. त्या वर्षी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मामा येऊन नुसते बसून गेले, पिठलंही नको म्हणाले. ह्यांनी धूर नसलेला डोंगर काढला, पण खाली काय लिहायचं ते सुचेना, म्हणून कागद तसाच ठेवला. मी उधारीवर घेतलेल्या साड्या परत करायच्या विचारात होते. तेवढ्यात तांडेलांची लेक सकाळी सकाळी दारात आली.

"अब्बांनी सांगितलंय," ती म्हणाली, "पहिलं गलबत आंधळ्या माणसांचं होतं. दुसरं आलंय. डोंगर व्यवस्थित पेटलेला आहे, पंतांना म्हणावं जेवून घ्या."

फडाने मध्यंतरी तो दगड पुरावा म्हणून मागवला होता. हे द्यायला निघाले होते. मी कळवलं, थंडीत टाचा फार फुटतात, उन्हाळा लागला की पाठवते.