कडी, मामा आणि पाच स्टार

मंडळी, आज सकाळी धुळ्याच्या एका लॉजवर मी बाथरूममध्ये अडकले. कडी आतून जाम! दार बडवून हात दुखले, तेव्हा कुठे मालकांनी बाहेरून धक्के मारून सोडवलं.

चहा देत त्यांनी विचारलं, "माहेर कोणतं?"

"यावल."

"मनी बहीण यावललेच देल शे! मंग तू मनी भाचीच." त्यांची बहीण माझ्या गावात दिलेली, म्हणून मी लगेच भाची!

निघताना हे नवे मामा समोरच उभे. "मामाले पाच स्टार देजो."

"घरी जाऊन रिव्ह्यू लिहिते," म्हणून निसटले.

आता बसमध्ये बसलेय. गरम पाणी कधी येतं, कोणती खोली शांत, एवढं लिहून झालं. कडीपाशी बोट थांबलंय. तेच नाही लिहिलं तर पुढच्या बाईला माझ्या रिव्ह्यूचा काय उपयोग?

बाथरूममधून मामांनी सोडवलं. मामांपासून कोण सोडवणार?